कोरडी विभूती

देहावर जन्माची जी एकमेव खूण अखेरपर्यंत राहते ती नाभीची. मातेच्या रक्ताने गर्भाचे पोषण ज्या वाटेने होते ती वाट तेथे मिटलेली असते, आणि मिटलेल्या वाटेची चौकशी सहसा कोणी करीत नाही. सिरसाळ्याच्या शांतादेवींचे आयुष्य मात्र बहुतांशी या एका खुणेभोवती गुंफले गेले होते. परळी तालुक्यातल्या त्या मोठ्या गावात त्यांच्या यजमानांचे, भीमाशंकरआप्पांचे, किराणा-भुसाराचे दुकान होते. पुढच्या दाराने गिऱ्हाइके येत. मागच्या दाराने तान्ही लेकरे येत.

ती येत बेंबीसाठी. काही बालकांची नाभी जन्मानंतर आत बसत नाही; मूल रडू लागले की बोराएवढा, कधी लिंबाएवढा फुगवटा वर येतो. प्राचीन वैद्यकाने अशा उंचावलेल्या नाभीला तुंडी असे नाव दिले आहे. गावात नुसते ‘बेंबी आली’ म्हणत. नवखी आई घाबरून जाई. शांतादेवी लेकरू मांडीवर घेत, अंगठ्याने तो फुगवटा हलकेच दाबत, आतडे गुडगुड करीत आत सरकले की मान हलवीत, आणि कापसाच्या घडीवर निजामाच्या राजवटीतला तांब्याचा जाड पैसा ठेवून जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्याने पोट बांधून टाकीत. या बांधण्याला एक नियम होता. जिने पैसा बांधला तिनेच तो सोडायचा. दर सोमवारी बाळाला आणायचे, शांतादेवी पट्टा सोडून पाहणार आणि पुन्हा बांधणार. मधल्या दिवसांत जन्मदात्या आईनेही गाठीला हात लावायचा नाही. मूल पाऊल टाकू लागेपर्यंत बहुतेकांची बेंबी आत बसे. मग आई तो पैसा आणि एक नारळ घेऊन येई. या गुणात तांब्याचा वाटा किती आणि वाढत्या देहाच्या उपजत शहाणपणाचा किती, हे कोणी विचारले नव्हते. शांतादेवींनीही विचारले नव्हते.

घराणे वीरशैव. शांतादेवींच्या कपाळी विभूतीचे आडवे पट्टे सूर्योदयापूर्वी उमटत आणि सूर्यास्तापर्यंत पुसट होत नसत. बोलणे धारदार, हात मात्र अत्यंत मऊ. असे म्हणत की त्यांच्या मांडीवर रडणारे मूलही रडण्याचे कारण विसरते.

नव्वदीच्या दशकाचा मध्य आला होता. आप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपांवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या आणि समोरच एसटीडीची पिवळी टपरी उभी राहिली होती. एकुलता मुलगा महांतेश थंड पेयांचा फ्रीज आणावा म्हणून वडिलांच्या मागे लागला होता. आप्पा म्हणत, “गूळ थंड करून इकनार हायस का बे?” महांतेश हसे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच विषय काढी.

महांतेशाची पत्नी कावेरी गेवराईची. लग्नानंतर काही वर्षे तिची कूस उजवली नव्हती. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास माहेरी तिला मुलगा झाला. राजेश्वर असे नाव ठेवले. सव्वा महिन्यानंतर बाळ सिरसाळ्यास आले तेव्हा शांतादेवींनी प्रथम काय पाहिले असेल, तर बेंबी. ती किंचित वर आली होती.

“इतक्या लेकरांच्या बेंब्या बसवल्या,” त्या म्हणाल्या, “आता घरच्याची बसवायची आली. ये रे माझ्या राजा.”

पैसा बांधला गेला. घराण्याचे गुरू असलेल्या स्वामींना बोलावून बाळाला लिंगधारणाही झाली. वीरशैवांत इष्टलिंग हे देहाचे दुसरे प्राण मानतात. ते अंगावेगळे होऊ नये, हा नियम तान्ह्यालाही लागू. बाळाच्या दंडाला वस्त्रात गुंडाळलेले ते इवलेसे लिंग शांतादेवी रोज सकाळी उघडीत. बाळ मांडीवर, लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर, बाळाच्या छातीच्या अगदी वर. पळीने पाण्याची बारीक धार धरीत, बेलाचे पान वाहत, तीर्थाचे बोट बाळाच्या ओठांना लावीत. उरलेले तीर्थ बाळाच्या छातीवरून पोटाकडे ओघळे, ते तसेच अंगाला जिरवीत आणि वर विभूती लावीत. ही त्या घरची रीत होती, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ या पवित्र रीतीतच दडून बसले होते.

कारण बाळाची बेंबी ओली राहत असे. सोमवारी पट्टा सुटला की कापसाची घडी दमट निघे. कावेरीने हे पाहिले होते.

“आत्याबाई, बेंबी वलीच लागती हाताला,” ती एकदा म्हणाली.

“तीर्थ हाय ते. लिंगावरचं पानी खाली येतंय, तिथं खळगा हाय, साचतंय. त्यात कावून घाबरायचं?”

“गेवराईला पण वली व्हती.”

“मंग तुज्या माहेरच्या बायांना इचार. नाळ वाळायच्या आत लेकरू पाळण्यात घातलं आसंल. आमच्याकडं नाळ पडल्यावर आधी इभूत दाबत्यात.”

माहेराचा उल्लेख आला की कावेरी गप्प होई. तिने पुन्हा विचारले नाही. शांतादेवींनी मात्र त्या दिवसापासून दर सोमवारी बेंबीत विभूतीची चिमूट थोडी अधिक दाबण्यास सुरुवात केली.

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातले वीरशैव कपिलधारेच्या यात्रेला लोटतात. शांतादेवी दरवर्षी जात. त्या वर्षीही निघाल्या, पण जाताना त्यांचे मन बाळात होते; त्याला पडसे झाले होते. उंबऱ्यातून वळून त्यांनी कावेरीला बजावले, “पानी लावू नको त्याला. लिंगाला नुस्ती कोरडी इभूत लाव आन दंडाला बांधून ठिव. आन पट्ट्याला हात लावायचा न्हाई. मी आले की सोडते.”

कावेरीने शब्दशः तसेच केले. सासूच्या अनुपस्थितीत पहिला दिवस गेला. संध्याकाळी बाळाला घेताना तिच्या मनगटाला ओल लागली. लंगोट ओला असेल म्हणून तिने चाचपले. लंगोट कोरडा होता. ओल वर होती, पोटावरच्या पट्ट्याला, नेमकी पैशाच्या जागी.

तिने बाळाला खाली ठेवले आणि सारे अंग चाचपले. लिंगावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. छाती कोरडी, दंड कोरडा, आणि मध्येच ही ओल. तिने पट्ट्याला नाक लावले. तीर्थाला बेलाचा वास असतो. हा वास निराळा होता, आणि प्रत्येक आईच्या परिचयाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ दूध टाकू लागले. अंग कोमट नव्हे, चांगलेच तापले होते. कावेरी दुकानाच्या आतल्या दारात येऊन उभी राहिली. आप्पा तराजूवर शेंगदाणे तोलीत होते.

“आप्पा, पट्टा सोडून बघू का? लेकराला ताप हाय, आन तिथून पानी येतंय.”

आप्पांनी मान वर केली नाही. “तिनं बांधलाय, ती सोडील. उद्याच्याला येतीच हाय. पडशाचा ताप हाय तो.”

“पडशाचं पानी नाकातून येतंय, आप्पा.”

शेंगदाणे पारड्यात तसेच राहिले. सुनेने त्यांच्याशी इतके स्पष्ट बोलण्याची ती पहिलीच वेळ असावी. उत्तर आले ते महांतेशाकडून, आणि तेही हळू आवाजात, “आईनं बांधलेलं सोडलं तर घरात र्‍हायचं कसं आपन? एक दिस दम धर.”

कावेरी आत गेली. तिने हात धुतले, बाळ मांडीवर घेतले आणि गाठ सोडली. गाठ घट्ट होती. नखे वापरावी लागली. पैसा उचलला तेव्हा त्याच्या कडांवर हिरवट कीट चढलेले दिसले. त्याखालची कातडी लालबुंद झाली होती आणि ती लाली बेंबीभोवती तळहाताएवढी पसरली होती. बेंबीत विभूतीचा ओला चिखल झाला होता. तो तिने कोमट पाण्याच्या बोळ्याने हळूहळू काढला. बाळ किंचाळले, आणि त्या किंचाळण्यासरशी बेंबीच्या तळातून एक स्वच्छ थेंब वर आला.

महांतेश दारात उभा राहून पाहत होता. “आई आल्यावर काय सांगायचं?”

“मी सोडला म्हनून सांगा. दवाखान्यात न्यायचं का, तेवढं बोला.”

पण नेण्याचा निर्णय त्या घरात शांतादेवींविना होत नसे. गावातल्या डॉक्टरांकडून तापाचे औषध आणले गेले. ताप उतरला नाही.

तिसऱ्या प्रहरी शांतादेवी आल्या, एक दिवस अगोदरच. पौर्णिमेची पूजा उरकताच त्यांना चैन पडेना, म्हणून बरोबरीच्या बायकांना तेथेच सोडून त्या मिळेल त्या गाडीने परतल्या होत्या. हातात प्रसादाचा पुडा होता. पाळण्याकडे जाता जाता त्यांना देवळीत पडलेला पैसा दिसला, शेजारी घडी घातलेला पट्टा दिसला. त्या थांबल्या.

“कुनी सोडला?”

“मी,” कावेरी म्हणाली.

“माझ्या इतक्या वरसात गावातल्या एका बाईनं गाठीला हात लावला न्हाई. घरातलीनं लावला.”

“आत्याबाई, ते तीर्थ न्हाई.”

“मंग काय हाय?”

ते उत्तर आपल्या तोंडून यावे असे कावेरीला वाटत नव्हते. महांतेश मध्ये पडला तेव्हा शांतादेवींनी त्याला हातानेच थोपविले. प्रसादाचा पुडा देवघराच्या पाटावर ठेवला, हातपाय धुतले, बाळाला घेऊन उजेडात, अंगणाच्या दारात बसल्या. सारे भोवती जमले. दुकान टाकून आप्पाही आले.

त्यांनी बाळाची छाती आणि पोट कोरड्या फडक्याने टिपले. बेंबी टिपली. मग विभूतीची वडी बोटांत चुरून तिचे कोरडे, पांढरे चूर्ण बेंबीवर अलगद पसरले, इतके की खळगा दिसेनासा झाला. लिंगाचे वस्त्र चाचपून पाहिले. तेही कोरडे होते. आणि त्या पाहत बसल्या.

बाळ तापाने मलूल होऊन डोळे मिटून पडले होते. विभूती पांढरीच्या पांढरी होती. आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “बघा, कोरडं हाय,” ते म्हणाले. शांतादेवींनी मान हलविली नाही. इतकी वर्षे मुलांच्या बेंब्या पाहण्यात गेलेली ती स्त्री एक गोष्ट जाणत होती, की बेंबी आपले खरे रूप मूल रडताना दाखविते. त्यांनी बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. बाळाने चेहरा आक्रसला आणि ते रडू लागले.

विभूतीच्या मध्यभागी एक करडा ठिपका उमटला. तो पसरला, त्याची कडा काळसर झाली, आणि मग राखेला फोडून थेंब वर आला, ओघळला, बाळाच्या कुशीकडे गेला. शांतादेवींनी तो बोटावर घेतला, नाकापाशी नेला.

कितीतरी वेळ ते बोट तसेच राहिले. दर सोमवारी पट्टा सोडताना ज्या ओलीला त्यांनी तीर्थ म्हटले होते, ती बाळाच्या मूत्राशयातून येत होती.

“शहादेवची जीप बोलव,” त्या महांतेशाला म्हणाल्या. “अंबाजोगाईला जायाचं.”

शहादेव हा गावचा जीपवाला. परळीच्या फेऱ्या मारी. त्याने कमांडर जीप दारात लावली. आप्पा पुढे बसले, मागे बाळाला घेऊन कावेरी, तिच्यासमोर शांतादेवी आणि महांतेश. रस्ता त्या दिवसांत सोपा नव्हता. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक एकामागून एक चालले होते. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे एकावर एक रचलेली. शहादेव हॉर्नवरचा हात काढीत नव्हता.

“वाजवू नको इतका,” शांतादेवी म्हणाल्या, “लेकरू दचकतंय.”

“अक्का, न्हाई वाजवला तर ह्ये लोक कारखान्यावर पोचल्याबिगर बाजूला व्हनार न्हाईत.”

परळीला पोहोचले तो दिवस कलला होता. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या आणि रेल्वेचे फाटक नेमके पडले. कोळशाची मालगाडी आली, अर्धी पुढे गेली आणि थांबली. शहादेवने इंजिन बंद केले. बाळ आता रडतही नव्हते. शांतादेवींनी दोनदा वाकून त्याच्या नाकापाशी हात धरला. कावेरी त्यांच्याकडे पाहत होती. मालगाडीचे डबे स्थिर उभे होते, कोळशावर उतरते ऊन पडले होते. चिमण्यांची राख वाऱ्याने येऊन जीपच्या काचेवर बसत होती. शांतादेवींनी पदराने बाळाचे पोट झाकले.

“राख नगं आता त्याला,” त्या पुटपुटल्या.

फाटक उघडले. घाट चढून दिवेलागणीला ते अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोहोचले.

मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांचे नाव प्रियदर्शनी. त्यांनी बाळाचे पोट पाहिले, लालीची कड शाईने रेखून घेतली आणि विचारले, “बेंबीवर काय काय लावलं होतं? खरं सांगा. त्यावरून मला औषध ठरवायचंय.”

महांतेश घाईने म्हणाला, “काही न्हाई डॉक्टर, साधं तेल…”

“इभूत,” शांतादेवी म्हणाल्या. “दर सोमवारी, दाबून. वर तांब्याचा पैसा, आठ-आठ दिस न सोडता. मी बांधला. ह्या पोरीचा त्यात हात न्हाई. हिनं सोडला म्हनून हितं आलाव.”

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. रागावण्याची त्यांची तयारी असावी. ती त्यांनी आवरली. “आधी जंतूंचं विष उतरवू,” त्या म्हणाल्या. “ही लाली या शाईच्या रेघेबाहेर गेली तर अवघड आहे. आत आली तर पुढचं बोलू.”

पुढचे काही दिवस सारे घर त्या एका रेघेकडे पाहत जगले. सलाइनची सुई बाळाच्या डोक्याच्या शिरेत होती. प्रथम लाली रेघेबाहेर बोटभर सरकली, आणि त्या दिवशी आप्पा आवारातल्या लिंबाखाली जाऊन एकटेच बसले. मग ती थबकली. मग एका सकाळी कावेरीने सासूला न बोलता खुणेने जवळ बोलावले. रेघेच्या आत कातडीची पांढरी कड दिसत होती.

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी तपासणी केली. बारीक नळीने बाळाच्या मूत्राशयात निळा रंग सोडला. थोड्या वेळाने बेंबीच्या तळातून निळा थेंब वर आला आणि तेथेच थरथरत राहिला. आप्पांच्या तोंडून ‘वैजनाथा’ एवढेच निघाले.

“गर्भात असताना मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक वाट असते,” डॉक्टर सांगू लागल्या. “जन्माच्या आधी ती आपोआप मिटते. याची मिटली नाही. हे जन्माचं आहे, कुणाच्या हातून झालेलं नाही. नाळ कापणाऱ्याच्याही नाही.”

शांतादेवींनी कावेरीकडे पाहिले. “गेवराईच्या बायांना मी बोल लावला व्हता,” त्या म्हणाल्या.

“ती वाट कापून बंद करावी लागेल. नाहीतर पुन्हा विष होईल,” डॉक्टर म्हणाल्या.

“आन ज्यांच्या बेंब्या मी पैशानं बसवल्या, त्या?”

डॉक्टर म्हणाल्या, “आजी, नुसती वर आलेली बेंबी बहुतेक मुलांची आपली आपणच बसते. पैसा नसता तरी बसली असती.”

शांतादेवींनी हे ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले असेल तर ते विभूतीच्या पट्ट्यांआड राहिले. “म्हंजी मी इतकी वरसं फकस्त गाठी मारल्या,” त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिका आली आणि म्हणाली, “बाळाच्या अंगावरचं सगळं काढा. दोरा, ताईत, दंडातलं ते पण.”

येथे खरा पेच पडला. आप्पा उठून उभे राहिले. “ते ताईत न्हाई. ते लिंग हाय. ते अंगावरून उतरत न्हाई.”

“आत काहीच चालत नाही, बाबा.”

“मंग…” आप्पांचा आवाज फाटला. “लिंग गेलं तर जीव जातोय, आसं आमच्यात हाय. लेकराला फाडायच्या येळंलाच ते उतरवायचं? महांतेश, चल घरी. आधी स्वामींना इचारू.”

डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी वाद घातला नाही. मात्र एवढे म्हणाल्या, की आता संसर्ग उतरलेला आहे, ही वेळ योग्य आहे, पुन्हा ताप आला तर त्या शब्द देऊ शकणार नाहीत. महांतेश बापाकडे पाही, आईकडे पाही. कावेरीने बाळाला छातीशी आवळून धरले होते आणि तिचे डोळे सासूवर खिळले होते. त्या घराचा नियम सर्वांना ठाऊक होता. जिने बांधले तिनेच सोडायचे.

शांतादेवी पुढे झाल्या. त्यांनी बाळाच्या दंडाची गाठ सोडली.

“शांता,” आप्पा म्हणाले. एवढेच.

“लेकराचं अंग आन माझं अंग येगळं हाय व्हय? रोज कुठं ठिवून पूजा करते मी? हितंच न्हाई का?” त्यांनी डावा तळहात पसरला आणि वस्त्र उघडून लिंग त्यावर ठेवले. “ते आत हाय तवर ह्ये माझ्या हातावर. खाली ठिवनार न्हाई. घेऊन जा, बाई, लेकराला.”

परिचारिका बाळ घेऊन गेली. दार मिटले.

शांतादेवी व्हरांड्यातल्या फरशीवर पूजेला बसतात तशा बसल्या. डावा हात छातीसमोर, तळहात उघडा, दृष्टी लिंगावर. पाणी नव्हते, बेल नव्हता, अभिषेक नव्हता. सिरसाळ्याहून पुन्हा आलेला शहादेव चहा घेऊन आला. त्यांनी मानेनेच नाही म्हटले. येणारेजाणारे थबकून पाहत, कुजबुजत पुढे जात. आप्पा खांबाला टेकून उभे होते आणि त्या तळहाताकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते. दाराआडून कसलाही आवाज येत नव्हता. एकदा कोणीतरी धावत आत गेले, रक्ताची बाटली घेऊन, आणि महांतेश चटकन उठला. ती बाटली दुसऱ्या खोलीत गेली.

वेळ लांबत चालला. शांतादेवींचा हात थरथरू लागला. लिंग तळहाताच्या खळग्यात डुगडुगले. त्यांनी उजव्या हाताचा आधार दिला नाही. पूजेत तसा देत नसत. तेव्हा कावेरी सरकून जवळ आली आणि तिने आपला तळहात सासूच्या हाताखाली धरला. त्या तशाच बसून राहिल्या, एकीच्या हातावर दुसरीचा हात आणि त्यावर ते इवलेसे काळे लिंग.

दार उघडले. डॉक्टरांनी तोंडावरचे फडके खाली ओढले. “वाट बंद केली,” त्या म्हणाल्या. “बाळ रडलं. चांगलं रडलं.”

आप्पा खांबाला धरून खाली बसले. बाळ खाटेवर आणले तेव्हा त्याच्या पोटावर पांढरी पट्टी होती. शांतादेवी बराच वेळ त्या पट्टीच्या मध्यभागी पाहत उभ्या राहिल्या. ती कोरडी होती. मग त्यांनी लिंग वस्त्रात गुंडाळले आणि कावेरीपुढे धरले.

“बांध.”

“मी? बांधलं व्हतं तुमी, आत्याबाई.”

“माझं बांधनं बघितलंस की. तू बांध, म्हंजी सोडायची येळ आली तर कुनाची वाट बघायची न्हाई.”

कावेरीने बाळाच्या दंडाला गाठ मारली. हाताला सवय नसल्याने ती सैल पडली. शांतादेवींनी ती घट्ट केली नाही.

सिरसाळ्याला परतल्यावर शांतादेवींनी तांब्याचे सारे पैसे चिंचेने घासून लख्ख केले आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिले. लेकरे यायची थांबली नाहीत. गावाने अंबाजोगाईची हकीकत ऐकली होती, पण ती ऐकून त्यांचे नाव मोडण्याऐवजी उलट वाढले. शांतादेवींनी राखेत रोग पकडला, असे लोक सांगू लागले. हे कानी आले की त्या चिडत. “मी न्हाई, सुनेनं पकडला. मी झाकला व्हता.” लोकांना वाटे, मोठेपणा आहे.

पुढच्या दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या एका कुटुंबातली केसरबाई नावाची तरुणी मागच्या दाराशी आली. ट्रक वेशीवर उभा होता. तिच्या कडेवरच्या मुलाची बेंबी बोराएवढी वर आली होती.

“अक्का, पैसा बांधा लवकर. टरक निगतोय. तिकडं कारखान्यावर कुनी न्हाई.”

राजेश्वर तेव्हा अंगणात भिंतीला धरून उभा राहायला शिकला होता. कावेरीने फडके आणि विभूतीची वडी आणून दिली. शांतादेवींनी लेकरू मांडीवर घेतले, पोट टिपले, आणि कोरडे चूर्ण बेंबीवर पसरले.

“इभूत कावून? पैसा बांधा की,” केसरबाई म्हणाली.

“थांब. आधी रडू दे त्याला एकदा.”

वेशीवर ट्रकचा हॉर्न वाजला. शांतादेवींनी तळव्याला टिचकी मारली. लेकराने त्यांच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहिले आणि बोळके तोंड उघडून ते हसले. पुन्हा टिचकी मारली. ते पुन्हा हसले.

“आता गं?” केसरबाई म्हणाली. हॉर्न पुन्हा वाजला.

“वाजू दे,” शांतादेवी म्हणाल्या, आणि बेंबीवरची नजर न काढता त्या बसून राहिल्या.